हाड सांधेपर्यंत थांबायचं, की ठिसूळपणाचं औषध आताच सुरू करायचं?

पत्राचा सारांश : पत्र लिहिणाऱ्या ताई पुण्यात नोकरी करतात. त्यांची आई ६८ वर्षांची, वजन ४८ किलो. सातारा जिल्ह्यातल्या गावी मुलगा-सुनेकडे राहते. साडेचार महिन्यांपूर्वी मोरीत पाय घसरून पडली आणि उजव्या दंडाचं हाड मधोमध मोडलं. ऑपरेशन न करता ब्रेस लावला. तीन महिन्यांत सांधेल असं सांगितलं होतं, पण परवाच्या एक्स-रेनंतरही ‘हळूहळू होतंय, थांबू या’ एवढंच उत्तर मिळालं. मधल्या काळात डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, केली. कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर उणे ३.१, खुब्याचा उणे २.६ (उणे आकडा जितका मोठा, तितकं हाड विरळ). पाठीच्या एक्स-रेत बारावा मणका पुढून चेपलेला दिसला. तो कधी चेपला हे कुणालाच माहीत नाही. आता एक डॉक्टर आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं सलाईन सुरू करा म्हणतात. ओळखीतले दुसरे डॉक्टर म्हणतात, ही औषधं हाड सांधू देत नाहीत, आधी सांधू द्या. तिसऱ्यांनी ‘हाड लवकर भरायला’ रोज टोचायचं महागडं इंजेक्शन सुचवलं, निदान तीन महिने. आईला आठ वर्षांपासून मधुमेह आहे, ती मिश्री लावते, दुखतं म्हणून रोज डायक्लोफेनॅक घेते आणि व्हिटॅमिन डीची पुडी पाच महिने दर रविवारी चालू आहे. ताईंचा प्रश्न : कुणाचं ऐकायचं?

ताई,

तिघांचंही थोडं थोडं ऐकायचं आहे, कारण तिघे एकाच प्रश्नाचं उत्तर देत नाहीयेत. हा दंड का सांधत नाही, हा एक प्रश्न. आईंचं पुढचं हाड मोडू नये म्हणून काय करायचं, हा दुसरा. घरात दोन्हींची सरमिसळ झाली आहे, आणि त्यामुळे पहिल्याची भीती दुसऱ्याच्या औषधावर निघते आहे.

तुम्ही लिहिलंय, ‘हाडं ठिसूळ आहेत म्हणूनच सांधत नाहीये ना?’ ऐकायला पटतं, पण बहुतेक वेळा तसं नसतं. ठिसूळ हाड मोडतं सहज. सांधायला मात्र ते फारसं मागे राहत नाही. याच वयाच्या, असाच टी-स्कोअर असलेल्या बायकांची मनगटाची हाडं प्लास्टरमध्ये पाच-सहा आठवड्यांत धरतात. ठिसूळपणा नडतो तो मुख्यतः ऑपरेशनमध्ये, कारण स्क्रूला पकड मिळत नाही. हाड रेंगाळतं तेव्हा आधी कारण शोधायचं ते तिथल्या हालचालीत, दोन टोकांमधल्या अंतरात, रक्तपुरवठ्यात, जंतुसंसर्गात, तंबाखूत, साखरेत. आंब्याचं कलम बांधणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. काडी कितीही चांगली असो, बांधणी सैल राहिली आणि कलम हलत राहिलं की ते धरत नाही. खत घालून त्याचा उपाय होत नाही.

म्हणून आधी दंडाकडे बघू.

दंडाच्या मधल्या भागाचं हाड ब्रेसमध्ये बहुतेकांचं दोन ते तीन महिन्यांत जुळतं. सहाव्या आठवड्याला सर्जननं दंड हलक्या हातानं वाकवून पाहिला आणि मोडलेल्या जागी हाड स्पष्ट हलत असेल, तर ते ब्रेसमध्ये सांधण्याची शक्यता तेव्हाच कमी झालेली असते. आईंना साडेचार महिने झालेत. ‘हळूहळू होतंय’ हे वाक्य आता पुराव्याशिवाय घेऊ नका. पुरावा मागायचा तो असा : पहिल्या दिवसापासूनचे सगळे एक्स-रे तारखेच्या क्रमानं लावा. प्रत्येक वेळी दोन बाजूंनी काढलेले दोन फोटो असतात. दोन फोटोंत मिळून हाडाच्या चार कडा दिसतात. त्यांतल्या किती कडांवरून नवं हाड पूल टाकल्यासारखं पलीकडे गेलंय, ते सर्जनना बोटानं दाखवायला सांगा. तीन कडा जुळल्या असतील तर हाड सांधलं असंच धरतात. एकही जुळली नसेल आणि दोन महिन्यांपूर्वीच्या फोटोत आणि आजच्यात फरक नसेल, तर ते ‘हळूहळू’ नाही, ते थांबलंय. ढोबळ व्याख्या अशी आहे की नऊ महिने झाले आणि शेवटच्या तीन महिन्यांत काहीच प्रगती नाही, तर हाड न सांधलेलं समजायचं. पण दंडाच्या बाबतीत कुणी जाणता सर्जन नऊ महिने वाट पाहत बसत नाही. फोटोवरून ठरत नसेल तर त्या भागाचा सीटी स्कॅन करावा, त्यात पूल आहे की नाही ते नीट कळतं.

न सांधणाऱ्या हाडाचेही दोन प्रकार असतात आणि दोन्हींचा उपाय वेगळा. एकात टोकांभोवती नवं हाड भरपूर जमलेलं असतं, हत्तीच्या पायासारखं पसरट, पण मधली फट तशीच. तिथे शरीर आपलं काम करतंय, स्थिरता मिळत नाहीये. घट्ट प्लेट बसवली की बरेचदा तेवढ्यावर भागतं. दुसऱ्यात टोकं निमुळती, कोरडी, भोवती काहीच नाही. तिथे प्लेटबरोबर कमरेच्या हाडाचा कीसही भरावा लागतो. आईंचा प्रकार कुठला, हा प्रश्न डॉक्टरांना याच शब्दांत विचारा. आणि ठिसूळ हाड आहे म्हणजे साध्या प्लेटऐवजी लॉकिंग प्लेट लागेल. तिचे स्क्रू प्लेटमध्येच आटे पाडून बसतात, त्यामुळे हाडाची पकड कमी असली तरी बांधणी टिकते.

ऑपरेशनच्या निर्णयाआधी ब्रेस मात्र तपासा. मोडल्यावर दंड सुजलेला असतो. सूज उतरली की तोच ब्रेस सैल होतो आणि घरात कुणाच्या लक्षात येत नाही. वहिनींना सांगा, पट्टे रोज सकाळी आवळायचे : बोटं काळीनिळी पडणार नाहीत, मुंग्या येणार नाहीत, पण ब्रेस दंडावर फिरणार नाही इतके. दुसरी नेहमीची चूक म्हणजे कोपर खुर्चीच्या हातावर किंवा उशीवर टेकवून बसणं. हा ब्रेस हाताच्या वजनावर काम करतो, हात खाली लोंबला तर हाड सरळ रेषेत राहतं. कोपर टेकवलं की तुकडे वर सरकून वाकतात. पलंगावरून उठताना त्या हातानं रेटा द्यायचा नाही. रात्री पाठीला दोन उशा लावून अर्धवट बसतं झोपायचं. बोटं, मनगट आणि कोपराची हालचाल मात्र रोज हवी. खांद्यासाठी कमरेत वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा व्यायाम डॉक्टरांना विचारून करा, नाहीतर हाड सांधेल आणि खांदा आखडलेला राहील. मनगट अचानक लुळं पडलं, वर उचलता येईना, तर दंडाच्या हाडाला लगटून जाणारी नस दाबली गेलेली असू शकते. तेव्हा पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

आता घरातल्या चार गोष्टी. माझ्या मते औषधांच्या वादापेक्षा यांचं वजन जास्त आहे.

मिश्री. तुम्ही ती पत्रात जाता जाता लिहिलीत, जशी बहुतेक घरांत धरतात : सिगारेट थोडीच आहे, दात घासायला तर लावते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. हिरडीतून निकोटीन थेट रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आकसतात. मोडलेल्या टोकांना त्याच रक्तवाहिन्यांची गरज असते. दिवसातून चार वेळा मिश्री लावणाऱ्या बाईला ऑपरेशन करून कीस भरला तरी तोही धरायला कुरकुरतो. चाळीस वर्षांची सवय धाकानं सुटत नाही. पण ‘हाड सांधेपर्यंत बंद’ ही मुदत आईंना पटू शकते. पहिले चार-पाच दिवस पोट साफ होत नाही, डोकं जड राहतं, चिडचिड होते. हे आधी सांगून ठेवलं म्हणजे घाबरून परत डबी उघडली जात नाही. मदतीला १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडवण्याची सरकारी मोफत फोनसेवा आहे.

डायक्लोफेनॅक. हाड सांधण्याची सुरुवात सुजेपासून होते आणि या गोळ्या नेमकी ती सूजच दाबतात. चार-आठ दिवसांनी फारसं बिघडत नाही, पण साडेचार महिने रोज म्हणजे फार झालं. त्यातून मधुमेह, वय ६८, म्हणजे मूत्रपिंडावर भार. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या, आईंचं वजन पाहता दिवसाला चारपेक्षा जास्त नाही, असं डॉक्टरांशी बोलून बदलून घ्या. आणि एक ध्यानात ठेवा : इतके महिने उलटूनही मोडलेल्या जागी रोज गोळी लागण्याइतकं दुखत असेल, तर ते दुखणंच सांगतंय की आत काहीतरी हलतंय. गोळी ती खबर झाकून टाकते.

साखर. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी करा. ऑपरेशनची वेळ आली तर ती ८ च्या खाली असलेली बरी. मधुमेहाच्या गोळ्यांच्या पाकिटावर बारीक अक्षरात पायोग्लिटाझोन हे नाव दिसतंय का बघा. मिश्र गोळ्यांत ते दुसऱ्या-तिसऱ्या नावाखाली लपलेलं असतं. बायकांमध्ये त्यानं हाडं मोडण्याचा धोका वाढतो. दिसलं तर डॉक्टरांना बदलून मागा, स्वतः बंद करू नका.

आणि ती रविवारची पुडी. ६०,००० युनिटची पुडी साधारण आठ आठवडे दर आठवड्याला आणि मग महिन्याला एक, असा नेहमीचा हिशेब. पाच महिने दर रविवारी म्हणजे वीसेक पुड्या, म्हणजे १२ लाख युनिट. ‘पुढच्या वेळी दाखवा’ असं सांगितलेलं असतं, दाखवायचं राहतं आणि मेडिकलवाला चिठ्ठी न बघता देत राहतो. कमतरता असेल तर हाड भरत नाही हे खरंच. पण डी जादा झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं : मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, गुंगी. मधुमेहाच्या रुग्णात यातलं निम्मं साखरेवर ढकललं जातं. पुडी थांबवून रक्तातलं व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम दोन्ही तपासा, मग पुढचं ठरवा.

याच रक्तात बाकीचंही करून घ्या, म्हणजे पुन्हा सुई नको : फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, पीटीएच, क्रिएटिनिन, टीएसएच, हिमोग्राम, ईएसआर आणि सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस. शेवटचं नाव लांबलचक आहे, पण ते गाळू नका. साठीनंतर मणका चेपला आणि दुसरं हाड मोडलं, तर मायलोमा हा अस्थिमज्जेचा कर्करोग नाही ना, हे एकदा पाहून घ्यायचं असतं. अल्कलाइन फॉस्फटेज थोडं वाढलेलं आलं तर घाबरू नका. सांधणाऱ्या हाडामुळेही ते वाढतं. (ज्या वाचकांचं ऑपरेशन होऊन आत सळई किंवा प्लेट आहे आणि तरी हाड सांधत नाही, त्यांनी ईएसआरबरोबर सीआरपीही करावं. आत दबलेला संसर्ग ताप न येताही हाड अडवून धरतो.)

खाण्याचं थोडक्यात. कॅल्शियम अन्न आणि गोळी मिळून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम पुरे. नाचणीच्या एका भाकरीत पावणेदोनशे-दोनशे, पेलाभर दुधात सव्वादोनशेच्या वर, वाटीभर दह्यात दीडशेच्या आसपास. एवढं रोज जात असेल तर ५०० ची एकच गोळी लागते, तीही जेवणासोबत, म्हणजे मुतखड्याची भीतीही कमी. चहातलं दूध हिशेबात धरू नका. खरी कमतरता असते प्रथिनांची. ४८ किलोच्या बाईला हाड भरताना रोज पंचावन्न-साठ ग्रॅम हवीत, आणि आमटी-भाकरी-भाजीवर तीस-पस्तीसच्या पुढे जात नाहीत. दोन अंडी बारा ग्रॅम, वाटीभर घट्ट वरण सात, मूठभर शेंगदाणे सात-आठ, १०० ग्रॅम पनीर अठरा. चालत असेल तर सुकट उत्तम, प्रथिनंही आणि काट्यासकट कॅल्शियमही. मूत्रपिंडाची तपासणी बिघडलेली आली तर मात्र प्रथिनांचा आकडा डॉक्टरांकडून घ्या. डिंकाच्या लाडवात खारीक, खोबरं, तूप असतं, अंगी लागतं, पण डिंक हाडाला डिंकासारखा चिकटवतो ही समजूत नावावरून आलेली आहे. आणि मधुमेहात तो गूळ परवडणारा नाही. पायाच्या सुपातही कॅल्शियम जवळपास नसतंच. हाडजोडीचा पाला कुणी देत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. बिननावाच्या पुड्या मात्र नकोच. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार घडलेले आहेत, आणि स्टेरॉइडइतकं हाडांचं वाटोळं दुसरं कुठलं औषध क्वचितच करतं.

आता तुमचा मूळ प्रश्न.

आठवड्याची गोळी म्हणजे ॲलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम किंवा रिसेड्रोनेट ३५, आणि वर्षाचं सलाईन म्हणजे झोलेड्रोनिक ॲसिड ५ मिलिग्रॅम. दोन्ही एकाच घराण्यातली. आपलं हाड आयुष्यभर एकीकडून खोदलं जातं आणि मागोमाग भरलं जातं. पाळी गेल्यावर खोदणारे पुढे आणि भरणारे मागे पडतात. ही औषधं खोदणाऱ्यांना आवरतात. दुसऱ्या डॉक्टरांचा तर्क इथूनच येतो : मोडलेलं हाडही शेवटी खोदून-भरूनच पूर्ववत होतं, मग खोदणं थांबवलं तर? तर्क बिनबुडाचा नाही. पण हाड जोडणारा पहिला ओबडधोबड सांधा तयार व्हायला खोदणारे फारसे लागत नाहीत. ते लागतात नंतर, त्या सांध्याला तासून मूळ आकार द्यायला. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं तेही असंच : सांधा मोठा राहतो, तासणं लांबतं, मजबुती कमी होत नाही.

माणसांतला सगळ्यांत भक्कम आधार २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीचा आहे. खुबा मोडून ऑपरेशन झालेल्या २,१२७ रुग्णांना ९० दिवसांच्या आत एकतर झोलेड्रोनिक ॲसिड दिलं, नाहीतर औषध न घातलेलं नुसतं सलाईन. नवीन हाड मोडण्याचं प्रमाण १३.९ टक्क्यांवरून ८.६ टक्क्यांवर आलं, मृत्यूही कमी झाले. हाड सांधायला उशीर दोन्ही गटांत जवळपास सारखाच, तीन टक्क्यांच्या आसपास. दंडाच्या हाडाबाबत एका निरीक्षणात ही औषधं घेणाऱ्यांत न सांधण्याचं प्रमाण दुपटीच्या आसपास दिसलं होतं, हेही सांगायला हवं. पण तशी उदाहरणं मुळातच फार थोडी होती, आणि ज्यांचं हाड रेंगाळतं त्यांनाच हे औषध जास्त दिलं जातं, हाही गोंधळ त्यात मिसळलेला असू शकतो. दुसऱ्या पारड्यात काय आहे ते बघा. एक हाड मोडल्यावर दुसरं मोडण्याचा धोका पहिल्या वर्ष-दोन वर्षांत सगळ्यांत जास्त असतो. आईंचा एक मणका आधीच न सांगता चेपलाय. सांधण्याची वाट बघत थांबणं म्हणजे नेमका तोच काळ विनाऔषध घालवणं. आणि आईंनी अजून यातलं एकही औषध घेतलेलं नाही. तेव्हा साडेचार महिन्यांच्या उशिराचा दोष त्या औषधाला देता येत नाही.

एका प्रसंगी मात्र दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं तंतोतंत खरं ठरतं. कुणी पाच-सात वर्षं ही औषधं घेत असेल, काही आठवडे मांडीत किंवा जांघेत बोथट दुखत असेल, आणि मग किरकोळ कारणानं मांडीचं हाड खडू मोडावा तसं आडवं मोडलं असेल, तर तो मोड औषधाशी संबंधित असू शकतो. तो सांधायलाही रेंगाळतो. तिथे औषध थांबवतात आणि दुसऱ्या मांडीचाही एक्स-रे काढतात, कारण तिथेही तडा सुरू झालेला असू शकतो. आपल्यासारख्या आशियाई लोकांत हा धोका गोऱ्या लोकांपेक्षा जास्त आहे. अशा वाचकांनी या पत्रातला ‘थांबू नका’ हा सल्ला स्वतःला लावू नये.

राहिलं रोजचं इंजेक्शन, टेरिपॅराटाइड २० मायक्रोग्रॅम. हे खोदणाऱ्यांना आवरत नाही, भरणाऱ्यांना कामाला लावतं, म्हणून ‘हाड लवकर भरेल’ ही आशा. पुरावा कितपत? २०१० च्या एका चाचणीत मनगट मोडलेल्या बायकांचं हाड ९.१ ऐवजी ७.४ आठवड्यांत सांधलं. पण दुप्पट मात्रा दिलेल्या गटात ८.८ आठवडे लागले, म्हणजे फायदा जवळपास गायब. औषध खरंच सांधणं वेगात आणत असतं तर असं उलटं का व्हावं? न सांधलेल्या हाडासाठी हे औषध मान्यताप्राप्त नाही, आणि हलणाऱ्या फटीत तर ते काहीच करू शकत नाही. केवळ दंडासाठी तीन महिने टोचून घेणं मला पटत नाही. अर्धवट सोडलं की कमावलेली घनता पुढच्या काही महिन्यांत निघून जाते, आणि पैसे गेलेले असतात.

गंमत अशी की ज्या कारणासाठी ते सुचवलं गेलं त्यासाठी नव्हे, पण आईंच्या मणक्यासाठी तेच औषध सगळ्यांत योग्य ठरू शकतं. मणका चेपलेल्या बायकांमध्ये टेरिपॅराटाइड आणि रिसेड्रोनेट यांची थेट तुलना झाली, तेव्हा दोन वर्षांत नवा मणका चेपण्याचं प्रमाण ५.४ विरुद्ध १२ टक्के होतं. क्रमही महत्त्वाचा आहे. आधी भरणारं औषध आणि मग आवरणारं, हा क्रम उलट्यापेक्षा जास्त घनता मिळवून देतो. पण मग पूर्ण १८ ते २४ महिने, आणि ते संपताच लगेच गोळी किंवा सलाईन. महिन्याचा खर्च हजारो रुपयांत आहे, तेव्हा दोन वर्षांचा आकडा भावाबरोबर कागदावर मांडूनच सुरू करा. पेन फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवायचं, बर्फाच्या खणात नाही. २८ दिवसांनी उरलेलं फेकायचं. पहिले काही दिवस टोचल्यावर चक्कर येऊ शकते म्हणून पलंगावर बसूनच घ्यायचं. पूर्वी कर्करोगासाठी हाडांवर रेडिएशन झालं असेल किंवा रक्तात कॅल्शियम वाढलेलं असेल तर हे औषध देत नाहीत. रविवारच्या पुडीचा हिशेब म्हणूनच आधी.

खर्च झेपणारा नसेल तर सलाईन हा दुय्यम दर्जाचा पर्याय समजू नका. वर्षातून एकदा, विसरायचा प्रश्न नाही. पण आधी मूत्रपिंड पाहायचं, आणि तेही नुसतं क्रिएटिनिन नाही. समजा आईंचं क्रिएटिनिन १.१ आलं. लॅबच्या कागदावर ते नॉर्मल दिसेल. वय ६८ आणि वजन ४८ घालून क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंड रक्त किती गाळतं त्याचा आकडा, काढला तर येतो जेमतेम ३७, आणि ३५ च्या खाली हे सलाईन देत नाहीत. डायक्लोफेनॅक सोडायचं आणखी एक कारण. व्हिटॅमिन डी कमी असताना सलाईन दिलं तर कॅल्शियम एकदम घसरतं, म्हणून ती तपासणी आधी. दात-हिरड्याही आधी दाखवा. मिश्री लावणाऱ्यांच्या तोंडात काढायचा एखादा दात असतोच, आणि या औषधांनंतर दात काढल्यास क्वचित जबड्याचं हाड उघडं पडतं. दात काढून जखम भरू द्या, मग सलाईन. त्यानंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येते. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, घाबरायचं कारण नाही. दंडाचं ऑपरेशन ठरलंच, तर सलाईन त्यानंतर निदान दोन आठवड्यांनी द्यावं.

गोळी स्वस्त आहे, पण तिची शिस्त आपल्या घरांत पाळली जात नाही. उठल्यावर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, मग अर्धा तास ताठ बसून किंवा उभं राहून, आणि तोवर चहा नाही. चहाबरोबर घेतली तर गोळी पोटात जाते पण रक्तात जात नाही. घेऊन पुन्हा आडवं झालं तर अन्ननलिका भाजते. आईंना पहाटेच्या चहाशिवाय चालत नसेल, तर गोळीचा हट्ट धरू नका.

दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब हे इंजेक्शन कुणी सुचवेल. मूत्रपिंड अशक्त असेल तर ते उपयोगी आहे. पण त्याची तारीख महिनाभराच्या वर चुकवायची नाही, आणि मध्येच सोडलं तर एकापाठोपाठ एक मणके चेपू शकतात. गावाहून शहरात येऊन घ्यायचं असेल आणि न्यायला माणूस नसेल, तर हा धोका खरा आहे.

तर माझा क्रम असा : या आठवड्यात रक्त आणि ब्रेस, मिश्री आणि डायक्लोफेनॅक बंद, सगळे एक्स-रे घेऊन दुसऱ्या एखाद्या हाडांच्या सर्जनचं मत, शक्यतो न सांधलेल्या हाडांची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्याचं. ठिसूळपणाचं औषध रिपोर्ट आल्याबरोबर सुरू, दंडाचा निकाल लागण्याची वाट न बघता. आई ऑपरेशनला नको म्हणाल्या, तर दुखणं नसताना आणि हातानं जेवणखाण होत असताना ते नाकारण्याचा त्यांना हक्क आहे. न सांधलेल्या दंडानं जमवून घेणाऱ्या बायका असतात. पण मग ब्रेस कायमचा, आणि औषध तरीही.

तोवर ती मोरी. एका हातात ब्रेस असलेल्या माणसाचा तोल आधीच गेलेला असतो. पाटाऐवजी पाठ असलेलं प्लास्टिकचं स्टूल, भिंतीत स्क्रूनं ठोकलेली दांडी (चिकटवायची नको, ती ऐन वेळी हातात येते), दाराशी टाकलेलं गोणपाट उचलायचं, रात्रीचा छोटा दिवा पलंगापासून मोरीपर्यंत. झोपेची गोळी चालू असेल तर ती का चालू आहे ते विचारा. बीपीची गोळी असेल तर बीपी एकदा उभं करूनही मोजायला सांगा. दांडी आईंच्या डाव्या हाताला येईल अशी बसवा, उजव्या बाजूला बसवलेली त्यांना सध्या काही कामाची नाही.